वापर : शून्य

रेल्वेत एक गाडी अशी आहे, जिचे तिकीट मिळत नाही, जिचे नाव वेळापत्रकात नसते आणि जी निघाली की कुणालाच बरे वाटत नाही. तिला अपघात मदत गाडी म्हणतात. मोठ्या स्थानकांच्या यार्डात बाजूच्या रुळावर ती उभी असते. चार-पाच डबे, आणि कुठे कुठे सोबत मान आडवी टाकून निजलेली अवाढव्य क्रेन. मडगांव राजधानीने दिल्लीला जाता-येता आम्ही गोंयकार वडोदऱ्याला चहावाला शोधतो, पण यार्डाकडे कोण कशाला बघेल?

वडोद्याचे आणि रेल्वेचे नाते जुने. खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली डभोई-मियागाम अरुंद रूळमार्ग घातला, तेव्हा डबे बैल ओढत. त्याच शहरात लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी प्रशिक्षण घेत आले. बैलांनी ओढायच्या डब्यांपासून आज शंभर टनांहून जड इंजिनापर्यंत आपण आलो. गाडी जितकी जड, तितके तिला उचलणे कठीण, एवढा साधा हिशेब.

आपल्याकडची मोठी क्रेन १४० टनांची. इंग्लंडातल्या कार्लाइल गावच्या कावन्स शेल्डन कंपनीचे हे तंत्र, पुढे बिहारमधल्या जमालपूर कारखान्यात अशा क्रेन तयार होऊ लागल्या. पण १४० टन हा आकडा फसवा आहे. एवढे वजन ती अगदी जवळचेच उचलते. मान जसजशी लांब जाईल तसतशी ताकद कमी होते. म्हणून तिला घसरलेल्या डब्याच्या जवळ न्यावे लागते, बाजूचे पाय पसरून खाली लाकडी ठोकळे रचावे लागतात, नाहीतर उचलणारीच आडवी व्हायची. वर विजेची तार असेल तर आधी वीज बंद करून तार बाजूला घ्यायची. प्रत्यक्ष उचलणे थोड्या वेळाचे, तयारीच फार.

आणि कधी क्रेनचा उपयोगच नसतो. २६ जून २०२१ रोजी हीच दिल्लीहून येणारी राजधानी रत्नागिरीजवळ करबुडे बोगद्यात रुळावर पडलेल्या दगडामुळे घसरली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात क्रेन मान वर काढणार कुठे? अशा जागी तेलाच्या दाबावर चालणारे जॅक लावून चाके इंच इंच उचलायची आणि सरकवत रुळावर आणायची. ९ ऑगस्ट २०२४ ला सोनावळी-दूधसागर दरम्यान कोळशाच्या मालगाडीच्या १७ वाघिणी घसरल्या. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे दरी, रूळ एकच. क्रेनने यायचे ते त्याच रुळावरून, समोरची वाघीण हलल्याशिवाय पुढची हाताला लागत नाही.

आता मूळ मुद्दा. हुकूम मिळाल्यापासून ही गाडी दिवसा ३० मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत निघाली पाहिजे, असा रेल्वेचा दंडक आहे. डॉक्टर आणि औषधे घेऊन जाणारी गाडी तर त्याहीआधी. म्हणजे माणसे जवळच राहणार, भोंगा वाजला की जेवते ताट सोडून धावणार, आणि बहुतेक दिवस भोंगा वाजणारच नाही. अशा खर्चाला काय म्हणायचे?

मी सरकारी कारकून. आमच्या डेड स्टॉक रजिस्टरात अशा वस्तूंचे हाल मला ठाऊक आहेत. ऑडिट पार्टी विचारते, वर्षभरात वापर किती? शून्य! मग खुलासा द्या. एका कार्यालयात पुरासाठी पंप घेतला होता. दर वर्षी कागदावर ‘सुस्थितीत’ असा शेरा. पाणी आत शिरले त्या दिवशी पंप चालूच होईना, बॅटरी केव्हाच मेलेली. ‘पडून आहे’ आणि ‘सज्ज आहे’ यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही, मंडळी. फरक आहे तो सरावाचा.

कुणी म्हणेल, गाडी घसरूच नये हे बघा ना! अगदी खरे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून पन्नासच्या आसपास माणसे गेली, तिथे कितीही मोठी क्रेन असती तरी ती माणसे परत आली नसती. दरडींना जाळ्या, रुळांची गस्त, पावसात गाडीचा कमी वेग हे पहिलेच. पण पहिले केले म्हणून दुसरे नको, असे म्हणणाऱ्याने आमचा आषाढ पाहिलेला नाही.

माझे मागणे लहान आहे. रेल्वेची ही शिस्त आपल्या पंचायतींनी, पालिकांनी, इस्पितळांनी घ्यावी. मृग लागण्यापूर्वी पंप, जनरेटर, रुग्णवाहिका खरोखर चालवून बघाव्यात आणि किती मिनिटांत चालू झाल्या ते फलकावर लिहावे. आणि ऑडिटवाल्यांना विनंती, रजिस्टरात ‘वापर : शून्य’ दिसला तर आधी देवाचे आभार माना, मग विचारा, शेवटचे चालवून कधी पाहिले?