निकालाचा छेद

बारावीचा निकाल जाहीर झाला की बुलढाण्यापासून मलकापुरापर्यंत चौकाचौकांत फलक लागतात आणि त्यांवर एकच मजकूर असतो: अमुक कनिष्ठ महाविद्यालयाचा निकाल शंभर टक्के. ज्याचा निकाल अधिक त्याचे अध्यापन सरस, हा सिद्धान्त पालक, संस्थाचालक आणि शिक्षणखात्याचे अधिकारी अशा सर्वांनीच इतक्या निःशंकपणे स्वीकारला आहे की त्याची तपासणी करणे अनाठायी वाटावे. तथापि हा सिद्धान्त चुकीचा आहे, आणि त्याची झळ ज्या मुलांस लागते त्यांची नावे कोणत्याही फलकावर येत नाहीत, म्हणून त्याचे खंडन अवश्य आहे.

प्रथम या मापाचीच विश्वसनीयता पाहू. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद होताच २०१९ मध्ये तो ७७.१० वर उतरला. आणि अंतर्गत गुण परत येताच २०२० मध्ये ९५.३० वर चढला. महाराष्ट्रातील मुलांची ग्रहणशक्ती एका वर्षात बारा टक्क्यांनी क्षीण झाली व पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणीही म्हणणार नाही. २०२१ मध्ये तर बारावीची लेखी परीक्षा झालीच नाही, आणि त्याच वर्षी निकाल ९९.६३ टक्के लागला. जे माप मोजण्याच्या नियमाबरोबर एवढे हलते, त्यावरून अध्यापनाची प्रत ठरविणे सयुक्तिक नाही.

या आकड्याच्या लोभाने काय घडते, हे आपल्या जिल्ह्याने ३ मार्च २०२३ रोजी पाहिले. बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने परीक्षा सुरू होण्याआधीच सिंदखेडराजा तालुक्यातून भ्रमणध्वनीवर फिरू लागली, साखरखेर्डा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि अटक झालेल्यांत शिक्षकही निघाले. जिजाऊंच्या जन्मभूमीस लागलेला हा डाग केवळ पोलिसी बंदोबस्ताने पुसला जाईल, असे मानणारे लोक रोगाचे मूळ पाहत नाहीत. संस्थेची प्रतिष्ठा, तुकडीची मान्यता आणि शिक्षकाची नोकरी ही सारी जोवर एका टक्केवारीवर तोलली जातात, तोवर ती टक्केवारी वाटेल त्या मार्गाने फुगविण्याचा मोह राहणारच.

परंतु कॉपी हा निकाल फुगविण्याचा उघडा मार्ग झाला. दुसरा मार्ग पूर्णतः नियमात बसतो आणि म्हणूनच अधिक घातक आहे. मंडळ टक्केवारी काढते ती परीक्षेस प्रविष्ट झालेल्या विद्यार्थ्यांवर. या अपूर्णांकाचा अंश वाढविणे कष्टाचे असते. छेद घटविणे मात्र सोपे. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्याच हाती असते, तेव्हा कच्च्या मुलास तेथेच अडविता येते. विज्ञान शाखा झेपणार नाही म्हणून त्याला कला शाखेकडे वळविता येते. गणित सोडण्याचा सल्ला देता येतो. अथवा १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्यास सांगता येते. जळगाव जामोद, संग्रामपूरकडील सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी मुलगा, कापसाच्या वेचणीत हजेरी बुडालेली मुलगी, आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेले पोर, ही सारी अशा वेळी छेदातून वगळली जातात. निकाल शंभर टक्के लागतो आणि जिल्ह्याचे ज्ञान तसूभरही वाढत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की परीक्षेची दारे सरसकट उघडली तर दर्जा ढासळेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला आकड्यानेच उत्तर देतो. अमेरिकेत शाळकरी मुले महाविद्यालयीन पातळीच्या ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा देतात. गुण १ ते ५, आणि ३ वा अधिक मिळाले की यश मानण्याची रीत. तेथील सार्वजनिक शाळांतून २००३ मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी १८.९ टक्के या परीक्षांस बसले होते आणि एकूण वर्गाच्या १२.२ टक्के यशस्वी झाले होते. २०१३ मध्ये बसलेले ३३.२ टक्के झाले आणि यशस्वी २०.१. बसलेल्यांवर हिशेब केला तर यशाचे प्रमाण सुमारे ६५ वरून ६१ टक्क्यांवर घसरले, आणि आपल्याकडे एवढ्यावरून एखाद्या प्राचार्यास जाब विचारला गेला असता. परंतु संपूर्ण वर्गावर हिशेब केला तर यशस्वी मुलांचे प्रमाण दीडपटीहून अधिक झाले. दर्जाची कसोटी तीच राहिली. तिला उतरणारे वाढले.

दुसरा आक्षेप असा की मुले दाखला काढून गाव बदलतात, मग संपूर्ण वर्गाचा हिशेब ठेवणार कसा? यू-डायसच्या नोंदीत आज प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र क्रमांक आहे. दाखला कोठेही गेला तरी क्रमांक पुसला जात नाही. तेव्हा अडचण दफ्तराची नाही, इच्छेची आहे. तिसरा आक्षेप, की गरिबीचे खापर शिक्षकांवर फुटेल, हा मात्र मला अंशतः मान्य आहे. आणि म्हणूनच हा हिशेब कोणास शिक्षा करण्यासाठी वापरू नये, मदत कोठे पोहोचवावयाची हे समजण्यासाठी वापरावा.

माझे प्रतिपादन इतकेच आहे. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या निकालाशेजारी दुसरा आकडा छापला जावा: दोन वर्षांपूर्वी अकरावीत जितकी मुले दाखल झाली त्यांपैकी नियमित विद्यार्थी म्हणून बारावी उत्तीर्ण किती झाली. ज्या महाविद्यालयाने कच्ची मुले पदरी ठेवून, जादा तास घेऊन, त्यांतील बहुतेकांस पार नेले, त्याचा पंच्याऐंशी टक्के निकाल हा निवडक मुलांच्या शंभर टक्क्यांहून श्रेष्ठ मानला जावा आणि सत्कार त्याचा व्हावा.

तोवर हे काम पालकांनीच करावे, अशी माझी बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक आईबापास विनंती आहे. येत्या जूनमध्ये प्रवेश घेण्यास जाल तेव्हा निकाल किती टक्के लागला हे विचारून थांबू नका. अकरावीत किती होते आणि बारावीस किती बसले, हेही विचारा.