सर्फ कयाकची निवड आणि नोंदीचा घोळ

गेल्या काही महिन्यांत शिरूर आणि दौंडहून आलेल्या पत्रांत दोनच प्रश्न पुन्हापुन्हा येत आहेत. वापरलेली सर्फ कयाक स्वस्तात मिळते आहे, घ्यावी का? आणि घेतली तर तिची नोंद कुठे करायची? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्याचं उत्तर द्यायला एकही कचेरी पुढे येत नाही, आणि या अंकाचं संपादकीय मुख्यतः त्यासाठीच आहे.

आधी बोटीचं. उजनी धरणाच्या फुगवट्यावर वल्हवायचं असेल तर सर्फ कयाक घेऊ नका. सपाट हल, धारदार रेल आणि काही बोटींना असलेली शेपटीकडची फिन ही सगळी रचना लाटेच्या उतारावर प्लेन होण्यासाठी असते. उभ्या पाण्यावर ती बोट रेंगाळते आणि प्रत्येक फटक्याला नाक फिरवते. खानोट्यासमोर दुपारचा वारा सुटला की तिला किनाऱ्याला आणणं अवघड होतं. उजनीवर लाट उठते ती वाऱ्याची, आखूड आणि उभी. तिच्यावर सर्फिंग होत नाही, नुसती दमछाक होते. तिथे चार मीटरच्या वरची टूरिंग कयाक हवी, नाहीतर रुंद सिट-ऑन-टॉप.

सर्फ कयाक घ्यायचीच तर ती कोकणासाठी घ्या. तारकर्ली-देवबागच्या बाजूला पावसाळ्याबाहेर लाटा बहुधा मऊ असतात आणि हळूहळू फुटतात. अशा लाटेवर तीन मीटरची, बिनफिनची आयसी (इंटरनॅशनल क्लास) बोट लवकर पळ धरते. आखूड एचपी (हाय परफॉर्मन्स) बोट पाहायला देखणी असली तरी लाट तिच्या हातून निसटते. वापरलेली बोट पाहताना रंगाला भुलू नका. पॉलिथिनची असेल तर बैठकीखालचा तळ अंगठ्याने दाबून पाहा. फायबरची असेल तर डेक आणि हल जिथे जुळतात ती शिवण बोटानं चाचपा. मांड्यांची पकड, पाठीचा पट्टा आणि पायाची पट्टी आपल्या मापाला बसवून जमिनीवरच दहा मिनिटं बसा. पाय बधिर होत असतील तर ती बोट दुसऱ्याची आहे असं समजा.

बोटीत पाणी भरू न देणाऱ्या एअरबॅग हव्यातच. दोनशे लिटर पाणी भरलं की बोट दोनशे किलोनं जड होते, आणि फेसात तेवढं वजन लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावतं. म्हणून बोट सुटली तर पोहणाऱ्यानं कायम तिच्या समुद्राकडच्या बाजूला राहायचं, बोट आणि किनारा यांच्यामध्ये कधीही नाही. लाटेनं आडवं धरलं की अंग लाटेकडे झुकवून लो ब्रेस द्यायचा आणि कोपरं शरीराजवळ ठेवायची. हात डोक्यावर नेऊन ब्रेस मारणारे खांदा निखळवून घेतात. फुटत जाणाऱ्या लाटेच्या शेंड्याशी जो सर्वांत जवळ, लाट त्याची. हा नियम आपल्याकडचे बरेच जण अजून पाळत नाहीत, आणि तीन मीटरची बोट पोहणाऱ्यांच्या गर्दीत घुसली तर काय होईल याचा विचारही करत नाहीत.

उलटलेली बोट बसल्या जागी सरळ करण्याचा रोल घराजवळ पक्का करता येतो. मात्र रांजणगाव सांडस-वाळकीच्या संगमाखाली नको. मुळा-मुठेतून आलेलं पुण्याचं सांडपाणी तिथून भीमेत मिसळतं, आणि रोल म्हणजे नाकातोंडात पाणी जाणारच. शिरूरकरांसाठी घोड नदी बरी. पावसाळ्यात दौंडचा विसर्ग पाहिल्याशिवाय भीमेत उतरू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून तर बाराही महिने लांब राहा. ढापे अर्धवट काढलेल्या गाळ्यातून पाणी जातं, माणूस अडकतो. वाळूउपशाचे खड्डेही वरून दिसत नाहीत. वाहत्या पाण्यात कडेवर तोल धरायला शिकायचं तर कोलाडची कुंडलिका आहे. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर तिथे जागच्या जागी उभी राहणारी लाट मिळते.

आता नोंदीचं.

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय नौका कायदा २०२१ मध्ये आला. यंत्राविना चालणाऱ्या नौकांचा त्यात वेगळा विचार आहे, आणि त्यांची नोंद जिल्हा, तालुका किंवा गावपातळीवर व्हावी अशी त्याची दिशा आहे. कयाक याच वर्गात बसते. मग शिरूर-दौंडचा कयाकवाला ग्रामपंचायतीत गेला की त्याला तालुक्याला का पाठवतात? तालुक्यातून जलसंपदाच्या उपविभागाकडे, तिथून पुण्याला. एका वाचकाला एका कार्यालयात जो नमुना भरायला दिला, त्यात इंजिनाचा क्रमांक आणि अश्वशक्ती हे रकाने होते. त्यानं रेघ मारली. अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत आला. वल्ह्याला अश्वशक्ती नसते हे सांगायला त्या माणसानं तिसऱ्यांदा एस.टी. धरायची का?

राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ चं आहे. पर्यटन संचालनालयाकडे व्यावसायिकांनी नोंदणी करावी हे त्यात योग्यच आहे. पण स्वतःची एक बोट असलेला, कोणाकडूनही पैसे न घेणारा माणूस त्यात कुठे बसतो? तो कुठेच बसत नाही, म्हणून नदीत उतरला की संशयित ठरतो. भीमेच्या पात्रात बोट दिसली की महसूलच्या पथकाला आधी वाळू आठवते. वाळूच्या बोटी जिलेटिननं उडवाव्या लागलेल्या तालुक्यांत त्यात नवल नाही. म्हणूनच नोंद क्रमांक हवा. हलवर ठळक आकडे असले की दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो.

ही कागदी हौस नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात उजनीवर कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटली आणि सहा जण गेले. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर काही दिवस सगळे जागे होतात, पाहणी होते, फलक लागतात. कोणत्या पाण्यावर कोणाच्या किती बोटी आहेत ही साधी यादी त्यानंतरही होत नाही. यादीच नसेल तर वाऱ्याचा इशारा पोहोचवायचा कोणाला?

अधिकाऱ्यांइतकाच दोष आपल्या मंडळींचाही आहे. लाइफ जॅकेट मागच्या हॅचमध्ये कोंबून वल्हवणारे, स्प्रे डेकचा लूप आत राहिलेला असताना बोट ढकलणारे अनुभवी लोकांतही आहेत. नोंद मागायची तर आधी जॅकेट अंगात हवं.

शिरूर आणि दौंडमधल्या कयाकवाल्यांनी एकेकट्यानं खेटे घालणं आता थांबवावं. प्रत्येकानं बोटीची लांबी, साहित्य, रंग, एअरबॅग आणि जॅकेट यांचा तपशील एका पानावर लिहावा. २०२१ च्या कायद्याचा उल्लेख करून तो आपल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत द्यावा आणि एक प्रत तहसील कार्यालयात. दोन्हीकडे पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परतू नका, नकार लेखी मागा. पोच आणि आलेलं उत्तर या मासिकाकडे पाठवा, ते तारखेसह छापलं जाईल. उत्तर आलं नाही, तर तेही छापलं जाईल.