रोल्स घ्यावी की बेंटली?

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा आम्हांस डाळींच्या भावांविषयी लिहावयास सांगितले होते. त्या विषयात सभासद बंधूंचे ज्ञान आमच्याइतकेच, किंबहुना अधिक असल्याने, गेले चार महिने आमच्या घरात ठाण मांडून बसलेल्या एका प्रश्नाविषयी लिहिण्याची अनुज्ञा आम्ही मागून घेतली. आमच्या भाच्याने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे दोन जुन्या मोटारी पाहून ठेवल्या आहेत. एक २०१२ सालची रोल्स-रॉइस घोस्ट, दुसरी २०१५ सालची बेंटली फ्लाइंग स्पर. पहिलीचे मोल दोन कोटींच्या घरात, दुसरीचे एक कोटीच्या आसपास. "मामा, तुमची हयात माल पारखण्यात गेली. यांतली कोणती घ्यावी ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्याने तो भार आमच्यावर टाकला. असा प्रश्न आज आपल्या संघातील आणखीही काही घरांत चालू आहे, म्हणून हा अभिप्राय उघडपणे मांडीत आहोत.

या दोन नावांचा इतिहास आपल्या व्यापारी घराण्यांच्या इतिहासाहून फारसा निराळा नाही. बेंटलीची पेढी १९३१ साली डबघाईस आली असता रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडातील क्रू येथे दोन्ही मोटारी एकाच कारखान्यात होऊ लागल्या, आणि कित्येक वर्षे पुढची जाळी व बोधचिन्ह झाकले तर दोहोंतला भेद शोधावा लागे. १९९८ साली विक्री झाली तेव्हा कारखाना आणि बेंटलीचे नाव फोक्सवॅगनकडे गेले. रोल्स-रॉइस हे नाव मात्र बी. एम. डब्ल्यू.ने मिळविले आणि २००३ पासून गुडवूड येथे नवा कारखाना चालविला. भाऊवाटणीत एकास दुकान मिळावे आणि दुसऱ्यास दारावरची पाटी, तसाच हा प्रकार झाला. तेव्हा 'अस्सल इंग्रजी माल' म्हणून जो अधिक पैसा मागितला जातो, त्यातील पुष्कळसा पाटीचा आहे हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

जुन्या मोटारीची चकाकी पाहून सौदा करणे म्हणजे पोत्याच्या तोंडाशी मांडलेला दाणा पाहून गाडीभर माल उचलणे होय. वानगी पोटातून काढली पाहिजे. आम्ही भाच्यास सांगितले की, मोटार रात्रभर एका जागी उभी करवून सकाळी जाऊन पाहा; या दोन्ही मोटारी हवेच्या स्प्रिंगांवर तोललेल्या असतात, आणि हवा गळत असेल तर सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो. टायरवर कोरलेले चार आकडे वाच; पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. आणि पायाखालचा गालिचा उचलून नाक लाव. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरात असंख्य मोटारी बुडाल्या, आणि मुंबईला तर पाण्याचे नवल नाही. भिजलेली तूर कितीही उन्हात घातली तरी तिचा वास ओळखीच्या नाकास चुकत नाही. मोटारीचेही तसेच आहे.

"फार थोडी चालली आहे, शेठजी," हे विकणाऱ्याचे पालुपद असते. हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यात सहाव्या निजामांनी मागविलेली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉइस आहे. ती हाती पडण्यापूर्वीच, १९११ साली, ते निवर्तले आणि मोटार पुढे अगदी थोडी चालली. राजवाड्यात ते शोभते. आपल्या दारातील मोटार उभी राहिली की तिचे रबर वाळते, बॅटरी उतरते, आणि खर्च मात्र चालतच राहतो.

खर्चाविषयी एकच गोष्ट सांगतो. मोटारीची किंमत पडते, तिच्या सुट्या भागांची पडत नाही. एक कोटीत घेतलेल्या मोटारीचा भाग तुटला तर तो नव्या मोटारीच्या भावानेच येतो. बेळगावात या दोहोंपैकी एकीचेही अधिकृत दुरुस्तीगृह नाही. मुंबई काय आणि बंगळूर काय, पाचशे किलोमीटरांच्या आसपास, आणि तेही ट्रेलरवर घालून. बेंटलीच्या १२ सिलिंडरांच्या यंत्राची बांधणी इतकी दाट आहे की कित्येक कामांसाठी यंत्रच खाली उतरवावे लागते. २०१४ पासून आलेले आठ सिलिंडरांचे, चार लिटरचे यंत्र त्या मानाने सोपे, आणि भाच्याने पाहिलेली बेंटली आठचीच आहे हे ऐकून आम्हांस बरे वाटले. (त्याला मात्र जरा ओशाळल्यासारखे झाले.) करांचे म्हणाल तर, महाराष्ट्रातील नोंदणीची मोटार कर्नाटकात कायम ठेवावयाची तर बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी आणि इथला कर हे चुकत नाही.

तेव्हा दोहोंतच निवड करावयाची तर आमचे मत बेंटलीकडे आहे. भांडवल निम्मे अडकते, यंत्र सोपे आहे, आणि घरचा माणूस स्वतः चालवीत असला तरी ती विशोभित दिसत नाही. दोन्ही मोटारींचे वजन अडीच टनांच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोची पन्नास पोती. आणि लांबी साडेपाच मीटरांच्या जवळपास. रविवार पेठेत ट्रक लागलेला असताना तिथून त्यांतली एखादी वळविणारा चालक आम्हांस अद्याप पाहावयाचा आहे.

इथवर आमची मामा-भाच्यांची एकवाक्यता होती. मग आम्ही बैठकींकडे वळलो.

या दोन्ही मोटारींत बसावयाची जागा, दारांच्या आतील बाजू, सारे चामड्याने मढविलेले असते. त्यासाठी मुद्दाम युरोपातील बैलांची कातडी निवडतात, काटेरी तारेचा ओरखडासुद्धा नसलेली, आणि एका मोटारीत अशी आठ-दहा कातडी सहज खर्ची पडतात. हे आम्ही सांगितले तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, कातडे दहा वर्षांपूर्वीच काढलेले आहे. आपण घेतली नाही म्हणून बैल थोडाच जिवंत होणार? नवी घेतली असती तर पाप होते."

त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. आपल्या शास्त्रात स्वतः करणे, करविणे आणि अनुमोदन देणे असे तीन भेद सांगितले आहेत. जुनी मोटार घेणारा पहिल्या दोहोंतून सुटतो, हे खरे. परंतु त्या मऊ आसनावर टेकून "वा!" म्हणणे हे अनुमोदन नव्हे काय? आणि जुन्यास गिऱ्हाईक मिळते म्हणूनच पहिला धनी नवी घ्यावयास मोकळा होतो, हे बाजारात बसणाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

येथे आम्ही उंचावर बसून बोलतो असे कोणी समजू नये. आमच्या गोदामात सोंडकिडे पडू नयेत म्हणून धुरी दिली जाते, आणि त्या कुलूपबंद गोदामात काय घडते ते आम्ही जाणतो. शास्त्रकार उद्योगी हिंसा आणि संकल्पी हिंसा यांत भेद करतात, त्या भेदाच्या आधारावर आमची चाळीस वर्षे गेली. पण तो आधार पोटासाठी आहे. मऊ बैठकीसाठी तो पुढे करता येईल असे आम्हांस वाटत नाही. दिगंबर परंपरेतील बाह्य परिग्रहाच्या एका जुन्या गणनेत दहा प्रकार आहेत, त्यांत धान्यही आहे आणि यानही. म्हणजे मामा आणि भाचा एकाच यादीत.

दुसरी गोष्ट पतीची. भाच्याच्या डाळमिलला कलबुर्गीकडून तूर येते, आणि सुगीतील काही अडत्यांचे देणे अद्याप उभे आहे. ज्या आठवड्यात मोटार दारात येईल त्याच आठवड्यात ते अडते हिशेबाची वही उघडतील, आणि त्यांनी तसे करू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? देणे फिटल्यावाचून इसार देऊ नये, एवढे आम्ही त्यास निक्षून सांगितले. ते त्याने मान्य केले.

चामड्याचे मात्र त्याने मान्यही केले नाही आणि टाकूनही दिले नाही. पूर्वीच्या मोठ्या इंग्रजी मोटारींत चामड्याची बैठक पुढे चालकास असे आणि मागे धन्यासाठी कापड असे, हे आम्ही त्यास एकदा सांगितले होते. गेल्या पंधरवड्यात त्याने मुंबईच्या एका कारागिराकडे बेंटलीच्या साऱ्या बैठकी कापडाने मढवून मिळतील काय, अशी विचारणा केल्याचे त्याच्या आईकडून कळले. काढलेल्या कातड्याचे काय करावयाचे, हे कारागिराने उलट विचारले आहे. अडत्यांपैकी दोघांचे पैसे पोहोचले आहेत, आणि ती मोटार, आमच्या माहितीप्रमाणे, अजून विकली गेलेली नाही.