चाळीस वर्षांची गिटार दुरुस्त होते, मग तीन वर्षांचा फोन का अडतो?

फ्रीज घेताना आपण दारावरचे स्टार मोजतो. पाच स्टार म्हणजे वीज कमी खाणार. उद्या फोनच्या बॉक्सवरही असाच एक आकडा छापलेला दिसू शकतो, आणि तो सांगेल की हा फोन बिघडला तर दुरुस्त करणं किती सोपं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अशा 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल दिला. फोन किती खोलवर आणि किती सहज उघडतो, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, कोणती हत्यारं लागतात, स्क्रू कसले आहेत, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येणार, अशा गोष्टींवर हे गुण द्यायचे. बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट, स्पीकर, माइक यांना त्यात जास्त महत्त्व आहे.

बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांनी ती स्क्रोल करून पुढे ढकलली असणार. मीही कदाचित तेच केलं असतं. पण त्या काळात माझ्या टेबलावर एक जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार उघडून पडली होती. तिच्या पोटातल्या वायरी बघताना हा इंडेक्स नेमकं काय मोजू पाहतोय ते मला कुठल्याही सरकारी पत्रकापेक्षा जास्त नीट कळलं. म्हणून आज फोनबद्दल बोलायचं आहे, पण गिटारच्या रस्त्याने.

ही गिटार पुसदकडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची. लग्नसराईत, गणपतीत वाजलेली, नंतर बरीच वर्षं माळ्यावर. दीड हजारात मिळाली. वरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय, पण बनावट आपल्याकडचीच, ऐंशीच्या दशकातली. तेव्हा परदेशी गिटार आणणं सोपं नव्हतं, आयातीवर बंधनं आणि वर जबरदस्त ड्युटी. त्यामुळे गिव्हसनसारख्या कोलकात्याच्या कंपन्यांच्या गिटारींवर देशभरातल्या पोरांनी बोटं घासली. हिंदी सिनेमात इलेक्ट्रिक गिटार त्याआधीच येऊन बसली होती. 1971 च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे कित्येकांना आजही माहीत नसतं, लोक त्यांना फक्त गायक समजतात. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांना तोच आवाज हवा होता, आणि तो अशा स्वस्त गिटारींतून काढला जायचा.

माझ्या गिटारची अवस्था अशी. सहापैकी चार तारा, त्याही गंजलेल्या. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर. जॅकमध्ये केबल हलवली की आवाज येतो-जातो. दोनपैकी एक पिकअप मुका. आणि यवतमाळच्या उन्हाने, म्हणजे मे महिन्यातल्या त्या 44-45 अंशांनी, फिंगरबोर्डचं लाकूड इतकं आकसलं होतं की फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं कडेला बाहेर येऊन बोटाला टोचत होती.

आता इथे थोडं विज्ञान, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये 'इलेक्ट्रिक' म्हणण्यासारखं फारच थोडं असतं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी बारीक विद्युतदाब तयार होतो. शाळेत फॅराडेचा नियम शिकलो तो हाच. तो सिग्नल व्हॉल्यूमच्या पॉटमधून, टोनच्या पॉट आणि कपॅसिटरमधून जॅकपर्यंत जातो. बस. ना चिप, ना बॅटरी. अख्खं सर्किट कागदाच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर काढता येतं.

आणि हे असं आहे त्याला कारण आहे. आज जगातल्या बहुतेक स्वस्त गिटारी ज्या रचनेची नक्कल आहेत ती लिओ फेंडर या माणसाची. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रोज बिघडलेली यंत्रं उघडणाऱ्या माणसाने गिटार बनवली तेव्हा मान बॉडीला डिंकाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. मान खराब झाली? काढा, दुसरी लावा. सर्किट एका प्लेटवर, प्लेट स्क्रूवर. 1950 च्या सुमाराला आलेली टेलिकास्टर आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर आजही याच पद्धतीने उघडतात. कोलकात्याच्या कारागिरांनी नक्कल केली तेव्हा दिसण्याबरोबर ही दुरुस्त होण्याची सोयसुद्धा आपोआप इकडे आली.

त्यामुळे कामं पटापट झाली. पॉट तपासायला मल्टिमीटर पुरतो. अशा पिकअपला 250 किलोओहमचे पॉट चालतात, ते ऑनलाइन शंभराच्या आतबाहेर मिळतात. जॅक 6.35 मिलिमीटरचा, जगभर एकच माप, साउंड सिस्टिमवाल्याकडेही मिळतो. भणभण कमी करायला आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, गिटारच्या पिकअपला ती ऐकू येते आणि स्पीकरमधून गुणगुणते. फ्रेटची टोकं बारीक कानशीने घासली, आणि तेही मान सुटी करून, मांडीवर घेऊन.

मुका पिकअप मात्र अडला. चांगल्या पिकअपवर मल्टिमीटर साधारण पाच-सहा ते आठ किलोओहम दाखवतो. याच्यावर काहीच नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. यवतमाळात शेतपंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं भरपूर आहेत, कापसाच्या जिल्ह्यात असणारच. म्हटलं, तांब्याच्या तारेचे वेढे हा त्यांचाच धंदा. काकांनी पिकअप हातात घेतला, डोळे बारीक केले आणि हसले. "अबे, ही तार हाये का केस? आमच्या मशीनवर हे तुटून जाते न बाप्पा. मोबाइलवाल्याकडे जा, त्याच्याकडे भिंग राह्यते."

सल्ला पक्का होता. दत्त चौकाजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मायक्रोस्कोपखाली पिकअप ठेवला. बाहेरच्या जाड वायरीला जिथे ती बारीक तार जोडलेली असते तिथेच ती तुटली होती, वेढे शाबूत होते. वीस मिनिटांत त्याने टोक सोडवलं, त्यावरचं इनॅमल खरवडलं, सोल्डर मारला. मीटर लावला, 5.8 किलोओहम. पैसे किती विचारलं तर म्हणाला, "काहून टेन्शन घेता दादा, चहा पाजा."

आता याच दुकानातलं दुसरं दृश्य. त्याच काउंटरवर एका मुलीचा तीन वर्षांचा फोन होता. स्क्रीन फुटलेली. त्याने स्क्रीन बदलली, ती कंपनीचीच होती, तसल्याच दुसऱ्या बंद फोनमधून काढलेली. टच चालला, रंग ठीक. पण फोनने नोटिफिकेशन दिलं की हा भाग अनोळखी आहे, आणि ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होणं बंद पडलं. केसाएवढी तार जोडणारा हात इथे हरला, आणि त्याचं कारण कौशल्यात नव्हतं, सॉफ्टवेअरमध्ये होतं.

याला 'पार्ट्स पेअरिंग' म्हणतात. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यात जादू नाही हे सांगू शकतो. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांच्यावरच्या छोट्या चिपमध्ये एक सिरियल नंबर असतो. मदरबोर्ड तो वाचतो, आपल्याकडच्या नोंदीशी ताडून बघतो, जुळला नाही तर काही सोयी बंद करतो किंवा इशारा दाखवतो. नोंद बदलायचं टूल कंपनीकडे किंवा तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे. कंपन्या म्हणतात, हे सुरक्षेसाठी आहे, चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून. फिंगरप्रिंट सेन्सरच्या बाबतीत हा मुद्दा मला पटतो. कोणीही सेन्सर बदलून तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये शिरू नये. पण ब्राइटनेसचा आणि चोरीचा संबंध काय? चोरीचा भाग ओळखायचा असेल तर चोरीच्या फोनची यादी तपासा, सरसकट प्रत्येक जुन्या भागाला चोर का ठरवायचं?

अमेरिकेत ऑरेगन राज्याने 2024 मध्ये कायदा करून दुरुस्ती अडवणाऱ्या अशा पेअरिंगवर बंदी घातली. युरोपियन युनियनमध्ये 20 जून 2025 पासून स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी नियम लागू आहेत: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि बॉक्सवरच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापली पाहिजे. फ्रान्सने तर 1 जानेवारी 2021 पासूनच दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली होती.

आपल्याकडे सुरुवात जुलै 2022 मध्ये झाली. 'राइट टू रिपेअर'साठी समिती बसली, चार क्षेत्रं निवडली गेली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल आलं, ज्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, वॉरंटी, सर्व्हिस सेंटरं एका जागी बघता येतात. मग हा इंडेक्स. दिशा बरोबर आहे यात शंका नाही. माझी अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, हे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. ठरलेल्या निकषांवर, पण स्वतःच. म्हणजे पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा. कोणीतरी बाहेरचा माणूस दुकानातून दहा फोन विकत घेऊन, उघडून, ते गुण खरे आहेत का हे बघणार नसेल तर सगळ्यांनाच नव्वद टक्के पडतील.

दुसरी अडचण यवतमाळची आहे. किंवा वणीची, उमरखेडची, घाटंजीची. सुटा भाग 'उपलब्ध' आहे म्हणजे कुठे? कित्येक ब्रँडचं अधिकृत सेंटर आमच्याकडे नसतंच. अमरावती नव्वद किलोमीटर, नागपूर दीडशे. माझ्या फोनची बॅटरी फुगली तेव्हा एका कंपनीच्या सेंटरने फोनवर सांगितलं, घेऊन या, पार्ट मागवू, आठवड्याने परत या. दोन फेऱ्यांचं बसभाडं आणि बुडालेले दोन दिवस. ज्याचं काम, ज्याची परीक्षा, ज्याचे यूपीआयचे व्यवहार त्या एका फोनवर आहेत तो आठवडाभर काय करेल? तो नवीन फोन घेतो, ईएमआयवर. 'राइट टू रिपेअर'ची खरी किंमत ही आहे. म्हणून भाग आणि पेअरिंगचं टूल गावातल्या स्वतंत्र मेकॅनिकला मिळतं का, याला इंडेक्समध्ये स्वतःचे गुण हवेत. पिकअप जोडणारा तो पोरगा कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही, पण माझ्या मते जिल्ह्याची दुरुस्तीव्यवस्था म्हणजे तोच.

आणि दुरुस्तीवर चालणं आमच्यासाठी नवीन नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे आठवा. तिचं वाफेचं इंजिन 1921 मध्ये मँचेस्टरला बनलं होतं आणि 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. मिरजेच्या सतारी बघा. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. सतारीची जवारी वाजून वाजून झिजते, कारागीर ती पुन्हा घासून देतो आणि वाद्य पुढच्या पिढीकडे जातं. झिजणं धरूनच ते वाद्य बनवलेलं असतं. फोनची बॅटरीसुद्धा झिजणारच असते, रसायनशास्त्र आहे ते. तरी ती डिंकाने चिकटवतात.

फोनवर फक्त रागावून चालणार नाही, हेही खरं. गिटार पाण्यात पडत नाही, खिशात राहत नाही, तिला 8 मिलिमीटरच्या जाडीत मावायचं नसतं. पाण्यापासून बचावासाठी थोडा डिंक लागतो. पण ओढून सुटणाऱ्या चिकटपट्टीवर बॅटरी बसवणारे फोन बाजारात आहेत, म्हणजे जमतं.

शिवाय माझ्या गिटारचं शेवटचं काम फोननेच केलं. तारा नवीन लावल्या, आता इंटोनेशन. या गिटारवर तारेची लांबी 648 मिलिमीटर, बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर, 324 ला. तिथे दाबलं की सूर दुप्पट कंपनसंख्येचा यायला हवा: मोकळी ए तार 110 हर्ट्झ, तर बाराव्यावर 220. मोफत ट्यूनर ॲप उघडलं. बाराव्यावरचा सूर चढा दाखवला की ब्रिजवरचा स्क्रू फिरवून तार किंचित लांब करायची, उतरा दाखवला की आखूड. सहा तारांना अर्धा तास. तारा, पॉट, जॅक, चिकटपट्टी सगळं मिळून हजार-बाराशे लागले.

तुमच्यापैकी कोणी अशी जुनी गिटार घेणार असेल तर आवाजाकडे नंतर बघा, आधी मान डोळ्याच्या रेषेत धरून तपासा. मान पिळवटलेली असेल तर सोडून द्या, बाकी जवळपास सगळं दुरुस्त होतं. आणि फोन घेणार असाल तर दुकानदाराला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसोबत तीन गोष्टी विचारा: बॅटरी बदलायला किती लागतात, आपल्या गावात कोण बदलतं, आणि बाहेर स्क्रीन बदलली तर फोन काय बंद करतो. मी मागच्या महिन्यात दोन दुकानांत विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एकाने दिलं, तिसऱ्याचं कोणीच नाही.