बैठकीची उंची आणि बसणाऱ्याचें माप

शिंपी कापडास कात्री लावण्यापूर्वीं गिऱ्हाइकाचें माप घेतो. परंतु लाखों रुपयांची मोटारसायकल आपण नुसती तसबीर पाहून पसंत करतों, ह्याचें मला नवल वाटतें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी वडिलांसह सल्ला विचारावयास आला. मुलाचें मन ‘क्रूझर’ जातीच्या गाडीवर बसलेलें. गाडी मात्र रोज चालविणार वडील, व ते अंगानें ठेंगणे. “बैठक खालीं आहे, बाबांचे पाय सहज टेकतील,” हा मुलाचा मुद्दा.

मुद्दा खोटा नव्हे. निर्मात्यांच्या पत्रकांप्रमाणें रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० ची बैठक जमिनीपासून ८०५ मिलिमीटर, तर त्याच कारखान्याच्या मीटिऑर ३५० ह्या क्रूझरची ७६५. हे ४० मिलिमीटर म्हणजे दीड इंचाहून अधिक. ठेंगण्या माणसास चवड्यांवर तोल सांभाळण्याऐवजीं टांच टेकवितां येणें हा मोठाच आधार होय. परंतु बजाजच्या अव्हेंजर क्रूझ २२० ची बैठक ७३७, आणि सुपर मीटिऑर ६५० ची ७४०. उंची जवळजवळ सारखी. वजन मात्र पहिलीचें १६३ किलो व दुसरीचें २४१! हें अंतर गाडी चढावर मागें ढकलतांना पायांस कळतें. शिवाय बैठक रुंद असली कीं मांड्या फांकतात व पायांची लांबी तितकी वायां जाते. तेव्हां उंचीच्या एकट्या आंकड्यावर विसंबूं नये.

आतां आरामाविषयीं. क्रूझरवर पाय पुढें सोडून बसावें लागतें. दुकानांत ही बैठक आरामखुर्चीसारखी भासते. पण घोडेस्वार खांचखळगा दिसतांच रिकिबींत पाय रोवून किंचित् उठतो. ज्याचे पाय धडाच्या पुढें पसरलेले, त्यास तसें उठणें साधत नाहीं. सारा धक्का माकडहाडास व तेथून कण्यास. त्यांत कित्येक क्रूझरांचे मागचे स्प्रिंग फार दबत नाहींत. ही घडण मूळ अमेरिकेंतील लांब, सरळ रस्त्यांवरची. पावसाळ्यांतील आमच्या रस्त्यांवर तिची परीक्षा निराळी होते.

माझ्या मतें, विकत घेण्यापूर्वीं वीस मिनिटें गाडीवर बसून राहावें व हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावें. बाहेरची मूठ धरतांना खांदा ओढला जात असेल, तर ती गाडी त्या माणसाची नव्हे. आणि मागें बसणाऱ्या आईस कोणीच विचारीत नाहीं! तिलाहि दुकानांत न्यावें. (आमच्या विद्यार्थ्यांनीं अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत हें सर्व कागदावरच ठेवावयाचें आहे, हें सांगणें नलगे.)

त्या गृहस्थांनीं बसून पाहिलें. टांचा टेकल्या, परंतु हँडल उजवीकडे पूर्ण वळवितांच डाव्या हाताची मूठ सुटली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. खरेदी लांबणीवर पडली, व पुढील खेपेस आईसह तिघेंहि गेलीं, असें मला मागाहून कळलें.