सिंहाच्या पोटातला निखारा

‘इस्लामी कलेला सजीवांच्या प्रतिमा वर्ज्य आहेत.’ अशाच एका धाग्यात मी हे वाक्य पूर्वी ठामपणे लिहिले होते. आज ते मागे घेते. निमित्त आहे एका धूपदाणीचे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कांस्याचा एक सिंह उभा आहे. उंची सुमारे ८५ सेंटीमीटर. तो खुरासानातील तायबादचा. अंगावरच्या अरबी कोरीव लेखात तो घडवल्याचे वर्ष, हिजरी ५७७ (इ. स. ११८१-८२), नोंदलेले आहे. ज्याच्यासाठी घडवला त्या अमीर सैफुद्दुन्या वद्दीन अल-मावर्दीचे नाव त्यात आहेच. पण घडवणाऱ्या जाफर इब्न मुहम्मद इब्न अली याचेही आहे. कारागिराचे नाव हाती लागण्याचे भाग्य आपल्याला किती वेळा लाभते?

या सिंहाचे डोके काढता येते. आत निखारे ठेवायचे, त्यावर सुगंधी द्रव्य टाकायचे आणि डोके पुन्हा बसवायचे. मग मानेवरच्या आणि अंगावरच्या जाळीतून धूर झिरपू लागतो. पुस्तके या जाळीला ‘अलंकरण’ म्हणून मोकळी होतात, ते मला पटत नाही. छिद्रे नसती तर निखाऱ्याला हवा मिळाली नसती आणि धुराला वाटही. येथे नक्षी हीच यंत्रणा आहे. काचेआडचा थंड सिंह पाहताना आपण अर्धीच वस्तू पाहत असतो.

आता मूळ मुद्दा. मशिदीची सजावट आणि कुराणाच्या प्रती यांत सजीवांची चित्रे टाळली गेली, हे खरेच. परंतु महाल, मेजवानी, पाहुण्यांच्या वस्त्रांना दिला जाणारा धूप हे जग निराळे होते. मी या दोहोंना एकाच नियमाने मोजले, ही माझी चूक.

‘हा एखाद्या विलासी सरदाराचा अपवाद असेल,’ असे कोणी म्हणेल. पण सिंहाच्या वा मार्जारकुळातील प्राण्याच्या आकाराच्या अशा धूपदाण्या लूव्र आणि क्लीव्हलंडच्या संग्रहालयांतही आहेत. हेरातमध्ये ११६३ साली घडलेल्या, आज हर्मिटाजमध्ये असलेल्या प्रसिद्ध बादलीवर तर काही अक्षरांनाच माणसांची रूपे दिली आहेत. शिवाय आपल्या अमीराच्या किताबाचा अर्थच मुळी ‘जगाची आणि धर्माची तलवार’ असा आहे. धर्माची तलवार म्हणवून घेणाऱ्याला सिंहाच्या आकाराची धूपदाणी खटकली नाही. ती आपल्याला खटकावी, हे जरा विचित्रच.

जाता जाता एक. अरबी ग्रंथांत ‘ऊद हिंदी’ची, म्हणजे हिंदुस्थानातून जाणाऱ्या अगरूची, वाखाणणी आढळते. आपल्या ‘उदबत्ती’तला ऊद तोच.

अशी एखादी प्राण्याच्या आकाराची धातूची वस्तू समोर आली, तर आधी तिच्या मानेचा सांधा शोधा. मग जाळी कोठे दाट आहे आणि कोठे विरळ, ते पाहा.