थाळीतला जिवाणू, चेहऱ्यावरचे मुरूम

हळद, कडुनिंब, मंजिष्ठा यांचे अर्क मुरमांच्या जिवाणूला मारतात, असे सांगणारे शोधनिबंध सतत प्रसिद्ध होत असतात. क्लिंडामायसिनसारख्या प्रतिजैविकांना हा जिवाणू, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, जगभर दाद देईनासा होत आहे. म्हणून असे काम व्हायलाच हवे. पण ते नेटके व्हावे.

अशा तपासणीत जिवाणू पसरलेल्या ॲगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या) थाळीत खळगा करून त्यात अर्क ओततात आणि भोवती किती मिलिमीटर जागा जिवाणूविना राहिली ते मोजतात. या जिवाणूला ऑक्सिजन मानवत नाही, त्यामुळे थाळ्या दोन-तीन दिवस ऑक्सिजनविरहित पेटीत ठेवाव्या लागतात. शेजारच्या खळग्यात नुसते द्रावकही हवे. अर्क बहुधा अल्कोहोलमध्ये काढतात, आणि अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारते. हा ताळा घेतला नाही, तर श्रेय वनस्पतीचे की अल्कोहोलचे, हे कळणार कसे? उलट, हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि ॲगारमध्ये नीट पसरत नाही. त्याचे वर्तुळ लहान दिसले म्हणून ते दुबळे ठरत नाही. वाढ रोखणारी किमान मात्रा काढणे अधिक भरवशाचे.

शिवाय आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेले औषध म्हणजे बहुधा असा अर्क नसतोच. तारुण्यपिटिकांसाठी, म्हणजे मुरमांसाठी, शार्ङ्गधरसंहितेत लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप आहे. तपासायचा तर तो लेप तपासावा, एकेका वनस्पतीचा अल्कोहोलमधला अर्क नव्हे.

आणि जिवाणू हे मुरमांच्या अनेक कारणांपैकी केवळ एक आहे. तो बहुतेक सर्वांच्याच त्वचेवर राहतो. तेलकटपणा वाढला, रोमछिद्राचे तोंड बुजले आणि आत दाह सुरू झाला की मुरूम उठतो. एखादे औषध दाह कमी करून गुण देत असेल, तर थाळीत ते नापास होईल. थाळीत जिंकलेला अर्क कदाचित त्वचेत शिरणारही नाही.

खरा निकाल रुग्णांवरच लागतो, आणि तशी चाचणी आपल्याकडे झालेली आहे. पुण्याच्या संशोधकांनी 1995 मध्ये 82 रुग्णांचे पाच गट करून चार आयुर्वेदिक औषधे निष्क्रिय गोळीशी सहा आठवडे ताडून पाहिली. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. कुडा, आवळा, वावडिंग, सुंठ यांच्या ‘सुंदर वटी’ने मुरूम लक्षणीय कमी झाले. उरलेली तीन औषधे निष्प्रभ ठरली आणि तेही संशोधकांनी तितक्याच स्पष्टपणे छापले. पण रुग्ण थोडे होते, काळ अपुरा होता. आयुर्वेद महाविद्यालयांनी आणि त्वचारोग विभागांनी मिळून हीच चाचणी मोठ्या प्रमाणावर पुन्हा करावी.